रेव्हरंड नारायण वामन टिळक : गावच्या मंडळीचे गायक

चिंचवडहून देहूस, देहूहून आळंदीस आणि तेथून चाकणास जाणारा जो मुलूख आहे, त्यात आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची घरे आहेत. एका अंगास पवना, दुसऱ्या अंगास इंद्रायणी. ज्या शिवारांत पूर्वी बाजरी व कांदा होत असे, त्यांतील कित्येकांवर आज कारखान्यांची छपरे उभी आहेत, आणि ज्या भामचंद्र डोंगरावर तुकोबा एकांतास जात असत असे लोक परंपरेने सांगतात, त्याच्या पायथ्यापर्यंत चाकणची यंत्रे येऊन पोहोचली आहेत. तरी या मुलुखाचा कान बदललेला नाही. टाळाचा नाद कानी पडला की येथील माणूस थांबतो. दिवसाची पाळी संपवून आलेला मजूर असो की शेतावरून परतलेला कुणबी असो, अभंग ऐकण्यास त्यास बोलावणे लागत नाही.

आमच्या मंडळ्यांतील उपदेशकांस हे ठाऊकच आहे. एखाद्या बंधूच्या ओट्यावर प्रार्थनासभा भरते, टाळ वाजू लागतात, आणि शेजारी वारकऱ्यांचे भजन समजून दाराशी येऊन उभा राहतो. चाल ओळखीची, शब्द ओळखीचे, विनवणी ओळखीची. नाव मात्र ख्रिस्ताचे. तो जो दाराशी थांबला, तो कोणी थांबविला? ज्या गृहस्थांनी ती पदे रचिली, त्यांचे नाव आपल्या गीतांच्या पुस्तकात कित्येक पानांवर बारीक अक्षरांत छापलेले असते आणि आपण ते न वाचताच पुढे गातो. म्हणून त्यांची हकीकत येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

हे गृहस्थ म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. लोकमान्य टिळक ते निराळे. दोघेही रत्नागिरी जिल्ह्याचे व एकाच काळातले असल्यामुळे खेड्यापाड्यांत अजून घोटाळा होतो, म्हणून हे सांगितले.

नारायणरावांचा जन्म 1861 साली कोकणात करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते व स्वभावाने कडक होते. आई जानकीबाई भाविक व मृदू मनाची होती, आणि देवाची गाणी तिच्या ओठी असत. मुलगा घडला तो आईच्या मांडीवर. तिच्या ओव्या व स्तोत्रे ऐकून त्यास अक्षरे शिकण्यापूर्वीच वृत्तांची चाल कळू लागली. ती आई तो लहान असतानाच वारली. पुढील आयुष्यात टिळकांनी ईश्वरास माता म्हणून जी हाक पुन्हा पुन्हा मारिली, तिचे मूळ आम्हांस या पोरकेपणात दिसते. ख्रिस्ती गायनात पित्याचे नाव पुष्कळ होते; मातेचे नाव त्यात आणणारे आपल्या भाषेत प्रमुख हेच.

कल्याणास प्राथमिक शिक्षण झाल्यावर ते नाशकास गेले व गणेशशास्त्री लेले यांजपाशी संस्कृत काव्य शिकले. पुढे दोन वर्षे इंग्रजी शाळेत काढली, परंतु परीक्षा देण्यापूर्वीच पोटासाठी शाळा सोडावी लागली. सुमारे अठराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. वधू गोखल्यांची मनकर्णिका, वय अकरा वर्षांचे. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेविले. लक्ष्मीबाईंचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण या हकीकतीत त्यांचा वाटा थोडा नाही.

यानंतरची दहाबारा वर्षे भटकंतीची आहेत, आणि ती आम्ही थोडक्यात सांगतो. टिळक आज एका गावी शाळामास्तर, उद्या दुसऱ्या गावी पुराणिक, परवा छापखान्यात खिळे जुळविणारे. शीघ्र कवी म्हणून नाव होऊ लागले, पण घरी धान्य आहे की नाही याची त्यांस शुद्ध नसे. मनास आले की ते घर सोडून चालते होत, आणि लक्ष्मीबाई कोणातरी नातलगाच्या दारी जाऊन राहत. एवढ्यावरून ते निष्काळजी होते असे कोणी म्हटल्यास आम्ही त्याचे म्हणणे खोडून काढणार नाही. परंतु ही भटकंती नुसत्या लहरीपणाची नव्हती. या देशातील जातिभेद व बायकांची आणि दुबळ्यांची स्थिती पाहून त्यांचे मन बेचैन झाले होते, आणि सर्व माणसांस एका पंक्तीस बसवील असा धर्म कोठे आहे याचा शोध ते करीत होते. असा धर्म नसल्यास आपणच तो काढावा, येथपर्यंत त्यांच्या मनाची मजल गेली होती.

1891 च्या सुमारास त्यांस नागपुरास काम मिळाले. तेथील धनिक व विद्याप्रेमी आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे भाषांतर करावयाचे होते. मान होता आणि पैसाही होता. तथापि ते काम फार दिवस टिकले नाही, व 1893 साली दुसरे काम पाहण्यासाठी ते आगगाडीने राजनांदगावास निघाले. त्याच डब्यात अर्नेस्ट वार्ड नावाचे एक परदेशी मिशनरी बसले होते. त्यांनी संस्कृत काव्याविषयी बोलणे काढिले, मग ख्रिस्ताविषयी, आणि उतरताना नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती दिली. टिळकांनी ती वाचण्याचे वचन दिले ते निव्वळ सभ्यतेने; पुस्तकाची त्यांस गोडी नव्हती. पण वचन दिले म्हणून वाचू लागले, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आले तेव्हा ते पुस्तक त्यांच्याने खाली ठेववेना. जे आपण दहा वर्षे शोधीत होतो ते येथे लिहिलेले आहे, असे त्यांस झाले.

तरी बाप्तिस्मा घेण्यास दोन वर्षे लागली. पत्नी, मूल, आप्त, मित्र, कवी म्हणून मिळविलेले नाव हे सर्व एका बाजूस होते. अखेर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंस त्यांनी आधी कळविले नव्हते. बातमी पोहोचली तेव्हा त्या अगदी कोसळल्या. आज आपण धर्मांतराच्या हकीकती सांगताना बाप्तिस्म्याच्या दिवसाशी थांबतो, आणि ज्या घरातून तो मनुष्य निघून आला त्या घराकडे वळून पाहत नाही. या बाईंनी लहान मुलास पोटाशी धरून सुमारे साडेचार वर्षे नवऱ्यापासून दूर काढिली. काही काळ पंढरपुरास बहिणीपाशी होत्या. नवऱ्याने धर्म सोडिला म्हणून लोकांची बोलणी त्यांनी ऐकिली, दुखण्यांनी त्या खंगल्या, परंतु नवऱ्यावरील माया तुटली नाही. टिळकांकडून पत्रे येत, कविता येत. 1899 च्या सुमारास त्या अहमदनगरास आल्या तेव्हाही धर्म आपला, स्वयंपाक निराळा, पाणी निराळे, अशा बोलीनेच आल्या. टिळकांनी त्यांस कधी ओढिले नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पुढे राहुरीस असताना जात ही देवाने केली नसून माणसांनी केली आहे, हे त्या बाईंच्या मनाने आपणच ठरविले, आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्या मंडळीतील ज्या घरी नवरा प्रभूचा झाला आहे आणि बायको अजून नाही, त्या घरी ही हकीकत वाचून दाखवावी असे आम्हांस वाटते. बायकोस समजाविण्यासाठी नव्हे, तर नवऱ्यास धीर धरण्यास शिकविण्यासाठी.

आता ज्या कामासाठी आपण टिळकांचे ऋणी आहो, त्याकडे वळू.

अहमदनगरास अमेरिकन मिशनचे ठाणे 1831 सालापासून होते. आसपासच्या खेड्यांतून मंडळ्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांत बहुतेक लोक महार व मांग समाजांतील, गरीब, आणि त्या काळी बहुधा निरक्षर. या लोकांच्या घरी गाणे नव्हते असे कोणी समजू नये. त्यांच्यांत एकतारीवर भजन म्हणणारे होते, डफ व ढोलकी वाजविणारे होते, जात्यावरच्या ओव्या तर घरोघर होत्या. पण प्रभूच्या मंदिरात आल्यावर त्यांच्या हाती जे गीत मिळे, ते बहुतेक इंग्रजीवरून भाषांतर केलेले, इंग्रजी चालीवर बसविलेले. मिशनरींचा यात वाईट हेतू नव्हता. त्यांनी आपल्या आईच्या मांडीवर जे ऐकिले होते, तेच प्रेमाने येथे दिले. परंतु इंग्रजी चालीस ठोका ठराविक ठिकाणी पडावा लागतो. मराठी शब्द तेथे बसविला की ऱ्हस्व अक्षर ताणावे लागते, दीर्घ अक्षर गिळावे लागते, आणि शब्द मधेच तुटतो. म्हणणाऱ्याचे तोंड चालते, पण अर्थ आत उतरत नाही. शिवाय ते गीत पाठ होत नाही. ज्यास वाचता येत नाही, त्याने रविवारी पुस्तकवाल्याच्या मागे गुणगुणावे आणि सोमवारी शेतावर जाताना सर्व विसरावे, अशी स्थिती.

अभंगाचे तसे नाही. मोठ्या अभंगात सहा सहा अक्षरांचे तीन चरण आणि चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या व तिसऱ्यास यमक, एवढाच त्याचा नियम. मात्रांची जाचक मोजणी नाही. चौथा चरण तोकडा असल्याने म्हणणाऱ्यास श्वास मिळतो आणि मागच्यांस धरता येते. एकाने पुढे म्हणावे, सर्वांनी ध्रुपद घोळावे, आणि तीनचार वेळा घोळले की अडाणी म्हातारीसही ते येऊ लागते. कागद लागत नाही, दिवा लागत नाही. साडेतीनशेंहून अधिक वर्षांपूर्वी तुकोबांचे शब्द देहूपासून महाराष्ट्रभर पसरले ते याच वाहनावर बसून. ओवी तर याहूनही घरगुती; जात्याच्या घरघरीबरोबर ती आपोआप चालते.

टिळकांनी हे वाहन प्रभूच्या सेवेस जुंपिले. याआधी कोणी प्रयत्न केला नव्हता असे नाही. नगरचेच कृष्णराव सांगळे यांनी देशी चालींवर पुष्कळ सुंदर पदे रचिली होती व ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता. त्यांचे नाव येथे न घेणे अन्याय होईल. परंतु टिळकांच्या अंगी संस्कृत काव्याचा अभ्यास, संतांच्या वाणीचे पाठांतर आणि शीघ्र कवित्व ही तिन्ही एकत्र होती, आणि त्यांवर ख्रिस्ताविषयीचे विलक्षण प्रेम होते. त्यांनी अभंग रचिले, ओव्या रचिल्या, पदे व आरत्या रचिल्या. भाषा इतकी सोपी ठेविली की शेतकऱ्याच्या पोरास कळावी. मराठी मंडळ्यांच्या उपासना संगीतात त्यांची दोनशेंहून अधिक गीते आहेत. जन्म, मरण, लग्न, पेरणी, दुष्काळ, पश्चात्ताप, प्रभुभोजन, असा एकही प्रसंग नाही की ज्यास टिळकांचे गीत सापडत नाही.

ही गोष्ट सर्वांस एकदम आवडली असे नाही. टाळमृदंग हे मूर्तिपूजेचे सामान, अभंग हा विठोबाचा, कीर्तन हे देवळातले, तेव्हा हे सर्व मागे टाकूनच आपण आलो ना, असा प्रश्न तेव्हा ख्रिस्ती लोकांतूनच निघे, आणि आम्ही स्पष्टच सांगतो, तो आजही क्वचित निघतो. हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. ज्याने देवऋषी, जत्रा व नवससायास यांचा जाच सोसून ते सर्व टाकिले आहे, त्यास जुन्या नादाची भीती वाटणे साहजिक आहे. जळलेल्या हातास ऊन पाणीही चटका देते. टिळकांचे उत्तर असे होते की नाद कोणाच्या मालकीचा नसतो. ज्याच्या नावाने तो वाजवाल त्याचा तो होतो. आपण स्वतः तुकोबांच्या पुलावरून चालत ख्रिस्तापाशी आलो, असे ते उघडपणे म्हणत. ज्याने आपणांस वाटेपर्यंत आणून सोडिले त्यास शिव्या देत पुढे जाणे त्यांस कृतघ्नपणाचे वाटे. देहू व आळंदीच्या अंगणात राहणाऱ्या आम्हां लोकांस हे म्हणणे फार जवळचे आहे. आमचा शेजारी आषाढीस पालखीबरोबर निगडी-आकुर्डीवरून चालत जातो. त्याच्याशी बोलावयाचे तर त्याच्या कानास ओळखीच्या सुरात बोलले पाहिजे, आणि तो सूर टिळकांनी आम्हांस तयार करून दिला आहे.

कीर्तनही त्यांनी हाती घेतले. आमच्या नव्या उपदेशकांसाठी थोडे सांगतो. कीर्तनात आधी पूर्वरंग असतो. त्यात एक पद घेऊन त्याचे विवरण करावयाचे. मग उत्तररंगात त्याच अर्थाचे एक आख्यान लावावयाचे. मधून मधून आर्या, साकी, दिंडी, अभंग गुंफावयाचे, म्हणजे ऐकणाऱ्यास झोप येत नाही आणि गोष्टीचा धागाही सुटत नाही. उधळ्या पुत्राचा दाखला किंवा प्रभूचे दुःखसहन या रीतीने सांगितले असता जो मनुष्य अर्धा तास प्रवचन ऐकत नाही तो तीन तास मांडी मोडीत नाही. लक्ष्मीबाईही पुढे कीर्तने करू लागल्या. ज्या बाईस नवऱ्याने आपल्या हाताने अक्षरओळख करून दिली, ती सभेत उभी राहून कथा लावू लागली, हे त्या काळी लहान आश्चर्य नव्हते.

टिळक ईश्वरविद्यालयात शिकवीत असत, आणि 1904 साली त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. आमच्याआधीच्या पिढ्यांतील कित्येक उपदेशक त्यांच्या हाताखालून गेले. पण त्यांचे खरे विद्यालय त्यांचे घरच होते. 1899-1900 च्या दुष्काळात मिशनने अनाथ मुले सांभाळिली, तेव्हा व पुढेही टिळकांच्या घरी परकी मुले, विद्यार्थी, वाट चुकलेले तरुण, रात्री-अपरात्री आलेले पाहुणे यांची दाटी असे. ते वाटेत कोणासही भेटत आणि घरी जेवावयास घेऊन येत. पगाराचे पैसे हाती येताच अर्धे वाटेत संपत. यातील पुण्य टिळकांच्या नावावर मांडिले जाते; चुलीपुढची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्यास आली. टिळकांचा राग फार तापट होता, तो जितक्या लवकर चढे तितक्याच लवकर उतरे, आणि उतरल्यावर ते लहान मुलासारखे क्षमा मागत. हे सर्व त्या बाईंनीच पुढे आपल्या स्मृतिचित्रांत काही न लपविता, आणि हसत हसत, लिहून ठेविले आहे. ज्या घरी ते पुस्तक नाही त्यांनी ते अवश्य मिळवावे. मराठी भाषेत त्याच्या जोडीची आत्मचरित्रे फार थोडी आहेत, हे आमचेच नव्हे तर सर्व जाणत्या मराठी वाचकांचे मत आहे.

कवी म्हणूनही महाराष्ट्राने त्यांस आपले मानिले. फुले, मुले व देश यांवरील त्यांच्या कविता शाळेच्या पुस्तकांतून मुलांनी पाठ केल्या, व त्या रचणारा ख्रिस्ती आहे याची आठवणही कित्येकांस राहिली नाही. 1907 साली जळगावास कविसंमेलन भरले. तेथे ठोंबरे नावाच्या एका सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली. तोच पुढे बालकवी म्हणून प्रसिद्ध झाला. टिळकांनी त्यास आपल्या घरी नगरास आणून मुलासारखे ठेविले. तो ब्राह्मणाचा मुलगा ख्रिस्ती घरात राहिला आणि हिंदूच राहिला. टिळकांनी त्यास ना बाटविले, ना दूर केले. 1912 पासून मरेपर्यंत ते ज्ञानोदयाच्या मराठी भागाचे संपादक होते. हे पत्र 1842 साली नगरास निघाले होते. टिळकांच्या हाती त्याची मराठी गोड झाली.

येथे एक नाजूक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रभूची सेवा करणाराने पगार घ्यावा की नाही, याविषयी टिळकांचे मन नेहमी खात असे. पगारी उपदेशकाकडे बोट दाखवून गावचे लोक म्हणत की हा पोटासाठी बोलतो. हे बोलणे बहुतेकांवर अन्यायाचे असे, व आहे. आमचे उपदेशक ज्या तुटपुंज्या वेतनावर राबतात ते पाहता त्यांस कोणी पोटार्थी म्हणेल तर आम्हांस खेद होतो. टिळकांनीही कधी त्यांस हिणविले नाही. परंतु स्वतःपुरते त्यांनी ठरविले की जे गाणे आपणांस फुकट मिळाले ते फुकटच द्यावे. 1917 साली, वय पंचावन्नच्या पुढे गेले असता, त्यांनी मिशनचे वेतन सोडिले, संन्यस्त वृत्ती धरिली आणि साताऱ्यास जाऊन राहिले. तेथे त्यांनी देवाचा दरबार या नावाचे कार्य आरंभिले. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला आहे आणि ज्यांनी घेतला नाही, परंतु जे ख्रिस्तास आपला गुरू मानितात, अशा सर्वांनी त्यात भावाप्रमाणे एकत्र यावे, भजन करावे, सेवा करावी, आणि ख्रिस्त या देशात परदेशी पोषाखाने नव्हे तर देशी वेषाने दिसावा, अशी त्यांची इच्छा होती.

याविषयी मंडळीतील वडील माणसांस चिंता वाटली. बाप्तिस्म्याचे महत्त्व कमी तर होणार नाही ना, अशी ती चिंता होती. पाळक या नात्याने आम्हांसही ती समजते, आणि टिळकांचे येथे सर्वस्वी बरोबर होते असे आम्ही म्हणत नाही. मंडळीवाचून शिष्य हा मेंढवाड्यावाचून मेंढरू होय. पण जो मनुष्य निकोदेमासारखा रात्रीच येतो, त्यासाठी रात्री दार उघडे ठेवणारा कोणीतरी असावा, हे टिळकांनी ओळखिले होते. आपल्या गावांतून आजही असे किती आहेत हे उपदेशकांनी आपल्या मनाशी मोजावे. लक्ष्मीबाईंस तर हा संन्यास दुसऱ्यांदा घर मोडल्यासारखा झाला. एकदा नवरा धर्मासाठी गेला होता, आता देवाच्या दरबारासाठी निघाला. त्या रडल्या, भांडल्या, आणि मग त्याच्यामागून साताऱ्यास गेल्या.

दरबारास दोन वर्षेही मिळाली नाहीत. मे 1918 मध्ये बालकवी आगगाडीखाली सापडून गेले, हा घाव टिळकांस फार लागला. त्यांची प्रकृती खालावत गेली. उपचारासाठी त्यांस मुंबईस नेले, आणि 9 मे 1919 रोजी ते प्रभूकडे गेले. आपल्या देहास पुरू नये, या देशाच्या रीतीप्रमाणे अग्नी द्यावा, अशी त्यांची इच्छा होती व ती पाळण्यात आली. अस्थी नगरास ठेविल्या.

दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. तरी त्यांच्यापासून शिकलेल्यांत जे. सी. विन्स्लो नावाचे एक इंग्रज पाळक होते. त्यांनी 1922 साली ख्रिस्त सेवा संघ स्थापिला, ज्याचा आश्रम पुढे पुण्यास झाला, आणि 1923 साली टिळकांचे चरित्र इंग्रजीत लिहिले.

एक काम मात्र टिळकांच्या हातून अपुरे राहिले होते. प्रभूचे सगळे चरित्र ओव्यांत गावे, म्हणजे ज्ञानेश्वरी किंवा हरिविजय जसा घरी वाचितात तसा खेड्यातील ख्रिस्ती मनुष्य संध्याकाळी पोथी उघडून वाचील, या हेतूने त्यांनी 1909 साली ख्रिस्तायन लिहावयास घेतले. दहा-अकरा अध्याय झाले आणि लेखणी थांबली. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. जोडाक्षरे लिहिताना त्यांची तारांबळ उडे, हे त्यांनीच सांगितले आहे. ज्या बाईने एके काळी हा धर्म दूर ठेविला होता, तिने नवऱ्याची ती पोथी पुढे ओढून घेतली, आणि म्हातारपणी एकामागून एक चौसष्ट अध्याय ओवीबद्ध करून ठेविले. 1936 साली त्या वारल्या. उरलेला शेवट त्यांचे पुत्र देवदत्त यांनी पुरा केला, आणि 1938 साली ती पोथी छापून मंडळ्यांच्या हाती आली.